रीफ टँकमधल्या कोरलवरचे परजीवी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये, कोरलच्या फांदीवर काहीतरी सरपटताना दिसलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न औषधाचा असतो. औषधं आहेत, त्यातली काही चांगली चालतातही. पण घरच्या टँकमध्ये कोरल हातचं जातं ते बहुतेक वेळा उपचार एकदाच करून थांबल्यामुळे. म्हणून खालच्या उत्तरांमध्ये औषधाच्या नावापेक्षा अंडी, दिवस आणि वेळापत्रक यांच्याबद्दल जास्त लिहिलं आहे. घाईत असाल तर अंड्यांचा प्रश्न आधी वाचा.

माझं कोरल फिकट पडतंय. परजीवी आहेत की पाण्यात काही बिघडलंय?

आधी पाणी तपासा, मग भिंग हातात घ्या. खारटपणा, तापमान, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शोषण्याची क्षमता), नायट्रेट आणि फॉस्फेट पाहिल्याशिवाय कुठल्याही कोरलला डिप देऊ नका, म्हणजे औषधी पाण्यात बुडवू नका. अल्कलिनिटी झटक्यात वरखाली झाली असेल तर ते कोरल आधीच ताणाखाली असतं, आणि त्यात डिप म्हणजे दुसरा घाव.

ओळखायची एक चांगली खूण सांगतो. पाण्याचा दोष सहसा निवड करत नाही. वेगवेगळ्या जातींची कोरलं एकाच सुमारास कोमेजायला लागतात. परजीवी मात्र बहुतेक आवडीनिवडीचे असतात. अ‍ॅक्रोपोराच्या सगळ्या फांद्या निस्तेज, पण शेजारची मॉन्टिपोरा आणि युफिलिया ही दुसऱ्या जातींची कोरलं ठणठणीत, असं चित्र असेल तर संशय बळावतो. फक्त मॉन्टिपोराच कडेने पांढरं होत असेल तरी तेच.

संशय आला की दिवे मालवल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन बघा. यातले बरेच जीव दिवसा फटीत किंवा कोरलच्या सावलीत दडून बसतात आणि अंधार पडला की बाहेर निघतात. दुसरी सोपी चाचणी: रबरी फुग्याची मोठी पिचकारी घ्या, वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह करणारा पंप) बंद करा आणि फांद्यांवर जोराने पाणी मारा. काही सुटून उडालं तर ते पिचकारीने ओढून पांढऱ्या वाटीत घ्या आणि मोबाइलच्या मॅक्रो कॅमेऱ्याने फोटो काढा. शेजारच्या कोरलने रात्री लांब दंशतंतू सोडून केलेली जखम आणि माशाने घेतलेले चावे या दोन्ही गोष्टी परजीवींच्या माथी मारल्या जातात, तेव्हा तीही शक्यता पडताळून घ्या.

कोणत्या कोरलवर काय सापडतं?

सगळ्यात जास्त नुकसान करणारा म्हणजे अ‍ॅक्रोपोरा खाणारा चपटा कृमी. काही मिलिमीटरचा, लंबगोल, जवळजवळ पारदर्शक. ज्या कोरलचं मांस खातो त्याचाच रंग त्याच्या अंगात उतरतो, त्यामुळे फांदीवर चिकटलेला असताना तो डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. दिसतात ते त्याचे चावे: साधारण मिलिमीटरभर रुंदीचे फिकट गोल ठिपके, बहुधा फांदीच्या खालच्या, सावलीच्या बाजूला. या कृमीचं शास्त्रीय वर्णन २०११ साली अमाकुसाप्लाना अ‍ॅक्रोपोरी या नावाने झालं. आता तो प्रोस्थिओस्टोमम या वंशात धरला जातो. विशेष म्हणजे टँक ठेवणारे त्याच्याशी कित्येक वर्षं झुंजत असताना समुद्रात तो कुणी पाहिलाच नव्हता. नैसर्गिक प्रवाळांवर तो असल्याची पहिली नोंद २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरून आली. समुद्रात तो विरळ असतो. टँकमध्ये त्याला खाणारे नसतात आणि अ‍ॅक्रोपोरा एकमेकांना खेटून असतात, म्हणून तो फोफावतो.

अ‍ॅक्रोपोरावरच लाल किडे सापडतात. हे कोपेपॉड गटातले, म्हणजे कोळंबी-खेकड्यांचे दूरचे नातलग. आकार अर्धा मिलिमीटर, अंग पिवळट आणि त्यावर एक लाल ठिपका. नुसत्या डोळ्यांना धूळ वाटावी असे. ते कोरल लगेच मारत नाहीत, पण पॉलिप (ज्यांची मिळून कोरलची वसाहत बनते ते बारीक जीव) बाहेर येईनासे होतात, रंग उतरतो आणि वाढ थांबते.

मॉन्टिपोरावर न्यूडिब्रँक, म्हणजे शंख नसलेली समुद्री गोगलगाय. पांढरी, काही मिलिमीटरची, पाठीवर झालरीसारखे उंचवटे. ती ताटाच्या आकाराच्या मॉन्टिपोराच्या खालच्या बाजूने खात कडेपर्यंत येते. त्यामुळे वरून नुकसान दिसेपर्यंत खालची बाजू बरीच उघडी पडलेली असते. मॉन्टिपोरा असेल तर महिन्यातून एकदा तरी खालून आरसा धरून बघा.

झोअँथिड, म्हणजे बटणांसारख्या पॉलिपची वसाहत, त्यावर वेगळा न्यूडिब्रँक असतो. तो पॉलिपचे रंग स्वतःच्या पाठीवर घेतो, आणि बंद पॉलिपच्या गर्दीत त्याला हुडकणं अवघड जातं. सनडायल गोगलगाय आणि समुद्री कोळी हेही झोअँथिडचे शत्रू. चार-पाच दिवस पॉलिप उघडत नसतील आणि पाणी ठीक असेल तर ते कोरल बाहेर काढून प्रत्येक देठ बघा.

मशरूम कोरल, युफिलिया आणि काही मऊ कोरलांवर तपकिरी चकत्या चिकटलेल्या दिसतात. ते बहुधा वामिनोआ नावाचे अकॉइल (चपट्या कृमींसारखे दिसणाऱ्या वेगळ्या गटातले) कृमी असतात. ते मांस कुरतडत नाहीत. कोरलचा चिकट स्राव आणि त्यात अडकलेलं अन्न खातात. संख्या वाढली की मात्र प्रकाश अडतो आणि कोरल गुदमरतं.

दिसलेला प्रत्येक जीव मारायचा का?

अजिबात नाही. काचेवर धावणारे पांढरे कोपेपॉड, खडकात दडणारे अ‍ॅम्फिपॉड, बहुतेक केसाळ अळ्या, छोटे ब्रिटल स्टार, स्टोमाटेला गोगलगाय ही सगळी टँकची सफाई करणारी मंडळी आहेत. केसाळ अळी मरत्या कोरलवर सापडते ती बहुधा मेलेलं मांस खायला आलेली असते. कोरल तिने मारलेलं नसतं. अ‍ॅस्टेरिना हे छोटे तारामासेही बहुतांशी शेवाळच खातात, मात्र काही झोअँथिडवर ताव मारताना आढळले आहेत. ओळख पटेपर्यंत हात आवरा. संपूर्ण टँकवर औषध टाकून हे सगळे मारले तर पुढचे कित्येक महिने शेवाळ आणि कचरा तुमच्या वाट्याला येईल.

डिप म्हणजे नक्की काय आणि तो कसा द्यायचा?

कोरल टँकबाहेर काढून थोडा वेळ औषधी पाण्यात बुडवायचं, त्यावरचे जीव सुटवायचे किंवा मारायचे, आणि कोरल धुऊन परत ठेवायचं.

तीन भांडी घ्या. पांढरी असतील तर उत्तम, कारण तळाला काय पडलं ते दिसतं. तिन्हीत टँकचंच पाणी. पहिल्यात औषध, उरलेल्या दोन धुण्यासाठी. औषधाचं प्रमाण आणि वेळ बाटलीवर दिल्याप्रमाणे. बहुतेक तयार डिपना ५ ते १० मिनिटं लागतात. पाणी गार पडू देऊ नका. कोरल नुसतं बुडवून ठेवण्यात अर्थ नाही: पिचकारीने किंवा छोट्या पंपाने त्यावर सतत प्रवाह मारत राहा. अर्धमेला कृमी फांदीला चिकटूनच असतो, आणि त्याला खाली पाडतो तो प्रवाह. मग एकामागून एक दोन्ही भांड्यांत धुवा, भिंगातून सगळ्या बाजूंनी बघा आणि टँकमध्ये ठेवा. औषधाचं पाणी टँकमध्ये परत जाता कामा नये. धुण्याचं पाणीही नाही, कारण त्यात जिवंत जीव असू शकतात.

एकाच औषधी पाण्यात एकामागून एक डझनभर कोरलं बुडवण्याचा मोह टाळा. स्राव आणि घाण साठत जाते, औषध निष्प्रभ होतं आणि प्राणवायू कमी पडतो. झोअँथिडसाठी तर नेहमी वेगळं भांडं.

कोणता डिप निवडू?

समोर काय आहे त्यावर ते ठरतं.

वनस्पती तेलांवर आधारलेले तयार डिप, उदाहरणार्थ कोरल आरएक्स किंवा रिव्हाइव्ह, चपटे कृमी आणि न्यूडिब्रँक सुटवायला चांगले. नव्या कोरलसाठी सुरुवात याच गटापासून करावी असं माझं मत आहे.

आयोडीन, म्हणजे ल्यूगोलचं द्रावण किंवा कोरलसाठी मिळणारं तयार आयोडीन, हे मुळात जंतुनाशक. फ्रॅग (कोरलचा लावण्यासाठीचा तुकडा) कापल्यानंतरची जखम, कडेने सडणारं मांस अशा ठिकाणी उपयोगी. चपट्या कृमींवर मात्र त्याच्या भरवशावर राहू नका.

पोटॅशियम क्लोराइडचा डिप हल्ली बरेच जण वापरतात. पोटॅशियम वाढलं की या जीवांच्या स्नायूंवरचा ताबा सुटतो आणि ते कोरलवरून गळून पडतात. ते मेलेलेच असतील असं नाही, तेव्हा पडलेले परत चढणार नाहीत याची काळजी घ्या.

इमिडाक्लोप्रिड असलेलं बागेतलं कीटकनाशक हा चौथा प्रकार. ते प्रभावी आहे, विशेषतः लाल किड्यांवर, कारण संधिपाद प्राण्यांच्या मज्जासंस्थेवरच ते काम करतं. पण ते या कामासाठी बनवलेलं नाही, त्याच्या बाटलीवर कोरलसाठी प्रमाण छापलेलं नसतं, आणि धुण्यात कसर राहिली तर टँकमधल्या कोळंब्या आणि खेकडे दगावतात. साध्या डिपने भागत असेल तर या वाटेला जाऊ नये असं मला ठामपणे वाटतं. गेलातच तर हातमोजे, मोकळी हवा आणि तीन-तीन वेळा धुणं याला पर्याय नाही.

गोड्या पाण्याचा डिप जुना आणि फुकटचा. पण खारटपणा एकदम उतरला की परजीवीच्या पेशी फुगतात तशाच कोरलच्याही फुगतात. अ‍ॅक्रोपोरासारख्या नाजूक कोरलला तो देऊ नका.

डिप दिला, सगळे कृमी पडले. तीन आठवड्यांनी परत आले. असं का?

कारण अंडी राहिली होती. सगळ्या पानावर लक्षात ठेवायची गोष्ट ही.

यातला एकही नेहमीचा डिप अंड्यांवर खात्रीने चालत नाही. अंड्याभोवतीचं कवच औषध आत जाऊ देत नाही. डोक्यातल्या उवा औषधाने मरतात पण लिखा केसाला चिकटून राहतात, आणि म्हणून फणी पुन्हा पुन्हा फिरवावी लागते. इथेही नेमकं तेच आहे.

चपट्या कृमीची अंडी जिवंत मांसावर नसतात. फांदीच्या बुडाशी, जिथे मांस मरून सांगाडा उघडा पडला आहे तिथे, तपकिरी-सोनेरी रंगाच्या बारीक कुप्या दाटीने चिकटवलेल्या असतात, आणि एकेका कुपीत एकाहून जास्त पिल्लं असतात. मॉन्टिपोराच्या न्यूडिब्रँकची अंडी पांढरट, कोरलच्या पोटाशी किंवा प्लगच्या, म्हणजे कोरल ज्यावर चिकटवलेलं असतं त्या छोट्या बैठकीच्या, कडेला. झोअँथिडवरच्या न्यूडिब्रँकची अंडी देठांच्या मध्ये पांढऱ्या वेटोळ्यासारखी दिसतात.

म्हणून पहिलं काम हाताने. उघडा सांगाडा आणि प्लग ब्रशने घासा, धारदार पात्याने खरवडा. त्याहून चांगलं म्हणजे मेलेल्या भागाच्या थोडं वर, निरोगी मांसातून फांदी कापा आणि जुना प्लग, बुडाच्या सांगाड्यासकट, टाकून द्या. नव्या स्वच्छ प्लगवर जेल स्वरूपातल्या सायनोअ‍ॅक्रिलेट गोंदाने चिकटवा. जिथे कापणं शक्य नाही तिथे अंड्यांवर त्याच गोंदाचा जाड थर द्या. पिल्लं आतच अडकतात.

तरीही काही अंडी नजरेतून सुटतात, असंच धरून चाला. इथे वेळापत्रक येतं, आणि ते दोन मुदतींवर उभं असतं. पहिली: अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाला स्वतः अंडी घालण्याइतकं मोठं व्हायला किती दिवस लागतात. दोन डिपमधलं अंतर याहून कमी हवं, नाहीतर नवी अंडी पडत राहतील. दुसरी: सगळ्यात उशिरा फुटणारं अंडं किती दिवसांनी फुटतं. एकूण उपचार याहून बराच लांब चालला पाहिजे, नाहीतर शेवटच्या डिपनंतर नवी पिढी निघेल. दर ५ ते ७ दिवसांनी एक डिप आणि असं किमान ६ आठवडे, हे गणित या दोन्ही मुदतींना पुरून उरतं. शेवटच्या डिपमध्ये एक जरी कृमी पडला तरी मोजणी पहिल्यापासून सुरू.

तापमानाचाही यात हात असतो. पाणी उबदार असेल तर अंडी लवकर फुटतात, गार असेल तर लांबतात. २४ अंशांच्या टँकमध्ये उपचार चालू असतील तर २७ अंशांच्या टँकपेक्षा जास्त आठवडे धरा. उपचाराच्या काळात तापमान कोरलला मानवेल तितकं उबदार आणि मुख्य म्हणजे स्थिर ठेवलं तर अंडी मागेपुढे न होता फुटतात, आणि डिप वाया जात नाहीत.

इतक्या डिपने कोरलच मरणार नाही का?

रास्त भीती आहे. डिपनंतर पॉलिप आत जाणं, चिकट स्राव सुटणं, एक-दोन दिवस कोरल रुसल्यासारखं दिसणं हे चालतं. झोअँथिड तर चार दिवसही मिटून बसतात. चालत नाही ते मांस सांगाड्यावरून सुटून तरंगणं. तसं दिसलं तर पुढचा डिप लांबवा, वेळ निम्मी करा किंवा औषधाचा प्रकार बदला. डिपच्या काळात बाकी सगळं शक्य तितकं जसंच्या तसं ठेवा: त्याच आठवड्यात दिवे बदलू नका, अल्कलिनिटी वाढवायला जाऊ नका, जागा हलवू नका. झेनियासारख्या नाजूक मऊ कोरलवर आधी एका छोट्या तुकड्यावर प्रयोग करा.

सगळं खडकावर पसरलंय, बाहेर काढता येत नाही. टँकमध्येच औषध टाकू का?

परजीवीप्रमाणे उत्तर बदलतं.

लाल किड्यांसाठी मिल्बेमायसिन ऑक्साइम वापरलं जातं. हे कुत्र्यांना हृदयातल्या कृमींसाठी पशुवैद्य देतात ते औषध. ते संपूर्ण टँकमध्ये देता येतं आणि किड्यांवर चालतंही, पण ते किडे आणि तुमच्या आवडत्या कोळंब्या यांत फरक करत नाही. कोळंब्या आणि खेकडे आधी दुसरीकडे हलवावे लागतात, टँकमधले उपयोगी कोपेपॉड आणि अ‍ॅम्फिपॉड बहुतेक जातात, काही तासांनी सक्रिय कार्बन (औषध शोषून घेणारा कोळसा) आणि मोठा पाणीबदल लागतो, आणि सगळं आठवड्याच्या अंतराने तीनदा करावं लागतं. कारण पुन्हा तेच: अंडी. पशुवैद्याच्या सल्ल्याशिवाय प्रमाण ठरवू नका.

लालसर-तपकिरी अकॉइल कृमींसाठी फ्लॅटवर्म एक्झिट हे औषध टँकमध्येच टाकायचं असतं. यात धोका औषधापेक्षा मरणाऱ्या कृमींचा असतो. त्यांच्या अंगातलं विष पाण्यात सुटतं, आणि हजारो कृमी एकदम मेले तर मासे दगावू शकतात. म्हणून औषध टाकण्याआधी काही दिवस बारीक नळीने जमतील तितके कृमी ओढून काढा. ताजा कार्बन आणि बदलायचं पाणी तयार ठेवा. पाणी तयार नसेल तर औषधाची बाटली उघडू नका.

अ‍ॅक्रोपोरावरच्या चपट्या कृमीसाठी टँकमध्ये टाकायचं, अंड्यांसकट सगळं संपवणारं औषध नाही. त्याच्यासाठी कोरल बाहेर काढावंच लागतं.

आणि तांबं कधीच नाही. माशांच्या परजीवींवर ते गुणकारी असलं तरी कोरल, गोगलगाय, कोळंबी सगळ्यांना ते मारतं, आणि खडकांत मुरून राहतं.

टँकमधून सगळं अ‍ॅक्रोपोरा काढून ठेवलं तर कृमी उपाशी मरतील ना?

मरतील, जर सगळं म्हणजे खरोखर सगळं काढलं तर. हे कृमी अ‍ॅक्रोपोरावरच जगतात. पण खडकावर पसरलेला नखाएवढा जिवंत पापुद्रा राहिला तरी त्यांची सोय होते. तो छिन्नीने काढा, किंवा इपॉक्सी पुटीखाली पूर्ण गाडून टाका. मग टँक किमान ८ आठवडे अ‍ॅक्रोपोराविना ठेवा, म्हणजे मागे राहिलेली अंडी फुटतील आणि पिल्लांना खायला काही मिळणार नाही. तेवढ्या काळात बाहेर काढलेल्या कोरलवर वर सांगितलेलं डिपचं वेळापत्रक चालू राहील. मोठ्या प्रादुर्भावात हाच मार्ग मला सगळ्यात भरवशाचा वाटतो, जरी तो सगळ्यात जास्त कष्टाचा असला तरी.

लाल किडे यजमान कोरलशिवाय फार कमी तग धरतात, त्यामुळे तिथे हा उपाय लवकर लागू पडतो.

मासे हे काम करणार नाहीत का?

थोडंफार करतात. सिक्सलाइन रास, मेलानुरस रास आणि पिवळा कोरिस हे मासे दिवसभर फांद्या धुंडाळतात आणि कृमी किंवा न्यूडिब्रँक दिसला तर उचलतात. पेपरमिंट कोळंबीच्या एका जातीने प्रयोगांत चपटे कृमीच नव्हे तर त्यांच्या अंड्यांच्या कुप्याही खाल्ल्याचं दिसलं आहे. हे सगळे संख्या आटोक्यात ठेवतात. मुळासकट काढत नाहीत, कारण त्यांचं तोंड जिथे पोचत नाही अशा फटी कायम असतात. मासा ठेवला म्हणून डिप थांबवू नका.

त्या माशाचाही विचार करा. मेलानुरस आणि कोरिस रात्री वाळूत पुरून झोपतात, वाळूविना ठेवले तर हाल होतात. आणि दोघेही उड्या मारतात, म्हणून वर जाळी हवी. सिक्सलाइन छोट्या टँकमध्ये नव्या माशांना जगू देत नाही. निळा मखमली न्यूडिब्रँक म्हणून विकला जाणारा केलिडोनुरा व्हॅरिअन्स फक्त अकॉइल कृमी खातो: ते संपले की तो उपाशी मरतो, आणि अ‍ॅक्रोपोराच्या कृमीला तो तोंडही लावत नाही. पुढे त्याला अन्न मिळेल असा दुसरा टँक माहीत असल्याशिवाय त्याला आणू नका. एका जीवाला वाचवण्यासाठी दुसऱ्याला उपासमारीत ढकलणं मला पटत नाही.

युफिलियावर तपकिरी जेलीसारखं काहीतरी साचलंय. हाही परजीवीच का?

हा ब्राउन जेली रोग. यात कृमी नसतो. सिलिएट गटातले एकपेशीय जीव आणि जीवाणू मिळून सडणारं मांस खातात. इथे आठवड्यांचं वेळापत्रक नाही, तासांचा हिशेब आहे. वेव्हमेकर बंद करा, म्हणजे जेली इतर कोरलांवर उडणार नाही. नळीने ती जेली ओढून बाहेर टाका. कोरल काढा, रोगट डोकं निरोगी डोक्यांपासून कापून वेगळं करा, उरलेल्याला आयोडीनचा डिप द्या आणि शक्यतो वेगळ्या टँकमध्ये चांगल्या प्रवाहात ठेवा. फांद्यांच्या युफिलियात हे जमतं. भिंतीसारख्या सलग वाढणाऱ्या प्रकारात रोग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरकतो, तिथे जेलीपासून दोन बोटं आत, निरोगी भागातून कापायची हिंमत करावी लागते.

कोरलजवळ छोट्या कडक नळ्या आहेत, त्यातून जाळं बाहेर येतं. काय करू?

व्हर्मेटिड गोगलगायी. कोरल खात नाहीत, पण त्यांचं चिकट जाळं पॉलिपना सतत त्रास देतं. नळी चिमट्याने मोडा किंवा तोंडावर गोंदाचा थेंब टाका. टँकमध्ये खाणं कमी टाकलंत तर त्या वाढतही कमी.

नवं कोरल आणलं की प्रत्येक वेळी क्वारंटाइन हवंच का?

हो. आत्तापर्यंत लिहिलेला सगळा खटाटोप एका छोट्या वेगळ्या टँकने टळू शकतो, म्हणून यावर मी आग्रही आहे.

फार काही लागत नाही. ४०-५० लिटरचं पाणी, हीटर, छोटा पंप, कोरल जगेल असा दिवा, मुख्य टँकमध्ये आधी मुरवलेला स्पंज फिल्टर आणि कोरल ठेवायला प्लॅस्टिकची जाळी. वाळू आणि खडक नको, म्हणजे अंडी आणि कृमी दडणार नाहीत. छोट्या टँकमध्ये बाष्पीभवनाने खारटपणा पटकन वाढतो, तेव्हा रोज गोडं आरओ पाणी टाकून पातळी राखा.

कोरल आल्या आल्या प्लग काढून टाका, डिप द्या आणि नव्या प्लगवर बसवा. पुढचे ६ ते ८ आठवडे दर आठवड्याला डिप आणि तपासणी. चिमटे, ब्रश, पिचकारी, सगळं वेगळं. एकाच पिचकारीने आधी क्वारंटाइन आणि मग मुख्य टँक, असं झालं की क्वारंटाइनचा उपयोग संपला.

याचा आणखी एक फायदा सहसा कुणी लक्षात घेत नाही. माशांवरच्या क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीच्या गाठी कठीण पृष्ठभागावर चिकटतात, आणि प्लग हा तसाच पृष्ठभाग आहे. डिपने त्या गाठी मरत नाहीत. मासे नसलेल्या टँकमध्ये कोरल ठेवलं तर त्यातून निघालेल्या जीवांना मासा मिळत नाही आणि ते संपतात. त्यासाठी बरेच जण ७६ दिवसांची मुदत पाळतात, म्हणून जमत असेल तर क्वारंटाइन तिथपर्यंत न्या.

कोरल हाताळताना मला काही धोका आहे का?

आहे, आणि तो हलक्यात घेऊ नका. झोअँथिडमध्ये, विशेषतः त्यातल्या पॅलिथोआ या वंशात, पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत तीव्र विष असू शकतं. ते जखमेतून, डोळ्यांतून आणि वाफेतूनही शरीरात जातं. कापताना, घासताना किंवा डिप देताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. कोरल कापताना उडणारा एक थेंब डोळ्याला पुरतो. झोअँथिड असलेला खडक स्वच्छ करायला कधीही उकळू नका आणि त्यावर गरम पाणी ओतू नका. अशा वाफेने घरातली सगळी माणसं, पाळीव प्राण्यांसकट, रुग्णालयात गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. हाताळल्यानंतर तोंडात धातूसारखी चव, धाप लागणं, ताप, स्नायूदुखी किंवा डोळ्यांची आग जाणवली तर लगेच डॉक्टरकडे जा आणि पॅलिटॉक्सिनचं नाव घेऊन सांगा. बऱ्याच डॉक्टरांनी हा प्रकार आधी पाहिलेला नसतो.

कोरल वाचणार नाही हे कधी मान्य करायचं?

पूर्ण वसाहत वाचवण्याचा हट्ट सोडला तर बरंच वाचतं. बुडापासून निम्मं मांस गेलं असेल तर खालचा भाग सावरायला जाऊ नका. शेंड्याकडचे, चावे नसलेले दोन-तीन तुकडे कापून घ्या, प्रत्येकाला डिप द्या आणि वेगवेगळ्या प्लगवर लावा. एक तुकडा जगला तरी ती जात तुमच्याकडे राहिली. उरलेला सांगाडा मुख्य टँकमध्ये खडक म्हणून ठेवू नका. अंडी नेमकी त्याच्यावरच असतात.

वापरलेलं डिपचं पाणी आणि जुने प्लग कुठे टाकू?

प्लग आणि सांगाडे पूर्ण वाळवून कोरड्या कचऱ्यात टाका. झोअँथिडचे असतील तर पिशवीत बंद करून. साध्या तेलाच्या किंवा आयोडीनच्या डिपचं पाणी सांडपाण्यात चालतं. कीटकनाशक मिसळलेलं पाणी मात्र ओढ्यात, तळ्यात, उघड्या गटारात किंवा बागेत ओतू नका, कारण इमिडाक्लोप्रिड अगदी थोड्या प्रमाणातही पाण्यातले किडे आणि कवचधारी जीव मारतं. ते बंद डब्यात साठवा, नाव लिहून ठेवा आणि घातक कचरा स्वीकारणाऱ्या ठिकाणी द्या. कुठल्याही टँकचं पाणी, खडक किंवा जिवंत जीव समुद्रात परत सोडू नका, मग ते निरोगी वाटत असले तरी.